स्कॉट्सडेलमध्ये घर घेताय? मग या चुका टाळा

जानेवारी-फेब्रुवारीत शिकागो किंवा न्यू जर्सीहून मंडळी इकडे, ॲरिझोनात, घरं बघायला येतात. तिकडे दारात गुडघाभर बर्फ आणि इथे दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो. मागच्या अंगणात निळाशार स्विमिंग पूल, कुंपणापलीकडे मॅकडॉवेलचे डोंगर, संध्याकाळी त्यांच्यावर चढणारा जांभळट रंग. दोन दिवसांत पाच घरं बघून तिसऱ्या दिवशी ऑफर गेलेली असते. फीनिक्स शहराच्या परिसरात मी अकरा वर्षं राहतोय, त्यातली सात त्याच्या शेजारच्या स्कॉट्सडेलच्या उत्तर भागात. ओळखीतल्यांच्या घरांची जी दुखणी पाहिली, त्यातली बहुतेक एकाच कारणाने उद्भवली होती: घर हिवाळ्यात पसंत केलं आणि राहायचं होतं उन्हाळ्यात. वाळवंटातलं घर कसं आहे हे जुलैत कळतं, म्हणून बघायला कधीही या, पण जुलै डोक्यात ठेवून बघा.

उन्हाळा म्हणजे किती? २०२३ साली फीनिक्समध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा रोज ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला. म्हणजे ४३ सेल्सियसच्या पुढे. नागपूर-चंद्रपूरकडची माणसं म्हणतात, असलं ऊन आम्ही लहानपणापासून काढलंय. खरं आहे. पण तिकडे जूनच्या मध्यावर पाऊस येऊन सुटका करतो. इथे त्या जुलैत सलग १६ रात्री तापमान ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सियसच्या खाली उतरलंच नाही. भिंतींना आणि छपराला निवायला वेळच मिळत नाही. आणि आपल्याकडच्या कूलरसारखे कूलर इथल्या जुन्या घरांवरही दिसतात, पण इथला मॉन्सून सुरू होऊन हवेत दमटपणा आला की तेही हात टेकतात. सगळी मदार एसीवर.

पूर्वाभिमुख घराचा हट्ट

आपल्या लोकांची सर्वांत महागडी चूक हीच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वास्तूप्रमाणे दार पूर्वेला हवं म्हणून इथे एजंटला पहिली अट तीच सांगितली जाते. पण इथल्या घरांची रचना लक्षात घ्या. रस्त्याकडे गॅरेज आणि लहान खिडक्या. मोठमोठी काचेची दारं, बैठकीची खोली, पॅटिओ (छत असलेला मागचा ओटा) आणि पूल हे सगळं मागच्या बाजूला. दार पूर्वेला, तर हे सगळं पश्चिमेला. जुलैत दुपारी साडेतीनपासून सूर्य खाली उतरत जातो आणि पॅटिओच्या छताखालून थेट काचेवर येतो. साडेसातपर्यंत हलत नाही. आमच्या पहिल्या घरात त्या काचेच्या दाराचं हँडल संध्याकाळी सहाला रुमाल धरून उघडावं लागे, आणि आतल्या सोफ्याचं कापड दोन उन्हाळ्यांत विरलं. पूल असून जून ते सप्टेंबर संध्याकाळी मागच्या अंगणात पाय ठेवला नाही.

उत्तराभिमुख घर बघा. मागची बाजू दक्षिणेला येते. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असल्यामुळे पॅटिओचं छत सावली देतं, आणि डिसेंबरात सूर्य खाली आला की तेच ऊन घरात ऊब आणतं. उत्तर ही कुबेराची दिशा, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचीही हरकत नसते. पश्चिमेच्या काचा टाळता येत नसतील तर बाहेरून बसवायच्या सनस्क्रीन जाळ्यांचा आणि सावलीसाठी एखाद्या मेस्किट किंवा पालो व्हर्देच्या झाडाचा खर्च किमतीत धरून चाला. आतून लावलेले पडदे उजेड अडवतात, उष्णता काचेतून आत आलेलीच असते.

नळाला पाणी कुणाचं?

दहा लाख डॉलरचं घर घेताना नळाला पाणी येईल का हे कोण विचारतं? मी म्हणतो, विचाराच. स्कॉट्सडेलच्या उत्तरेला, शहराच्या हद्दीबाहेर, रिओ व्हर्दे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. एक-दोन एकरांचे प्लॉट, टुमदार बंगले, घोड्यांचे तबेले. यातल्या शेकडो घरांना ना विहीर होती ना पाइपलाइन. टँकर स्कॉट्सडेलच्या पाण्यावर भरून यायचे. कोलोरॅडो नदीचं पाणी आटत चाललं तशी शहराने आधी सूचना दिली आणि १ जानेवारी २०२३ पासून हा पुरवठा थांबवला. लोक लांबून, कितीतरी महाग टँकर आणू लागले, कागदी ताटल्यांत जेवू लागले. त्याच वर्षी कायदा करून तात्पुरती सोय झाली, पण मधले महिने हालातच गेले. पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको.

असं घडलं कसं? ॲरिझोनाच्या १९८० च्या भूजल कायद्यामुळे फीनिक्स परिसरात मोठी वसाहत उभारायची तर शंभर वर्षं पुरेल इतक्या पाण्याची हमी दाखवावी लागते. पण जमिनीचे सहापेक्षा कमी तुकडे पाडले तर ती अट लागू होत नाही. या पळवाटेतून घरं उभी राहिली. तेव्हा पत्त्यात ‘स्कॉट्सडेल’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, टपालाचा पत्ता आणि शहराची हद्द या वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेत्याकडून पाण्याचं ताजं बिल मागा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते स्वतः वाचा. विहीर असेल तर खोली, सध्याची पातळी आणि ती किती घरांत सामाईक आहे, हे लेखी घ्या.

याच्या उलट बाजूचं पाणी म्हणजे ‘वॉश’. घरामागे वाळूचा कोरडा पट्टा दिसतो, मुलांना खेळायला छान. तो ओढा आहे. फीनिक्समध्ये वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडतो, पण मॉन्सूनच्या एका वादळात त्यातला मोठा वाटा तासाभरात कोसळतो आणि कडक जमिनीवरून सगळा ओढ्यात येतो. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पूरनकाशावर प्लॉट बघा. घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो, आणि पुराचा वेगळा विमा एरवी काढला तर तो लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात. ढग दिसल्यावर काढून उपयोग नाही.

इन्स्पेक्शनचे दहा दिवस

इथल्या नेहमीच्या करारात तपासणीसाठी दहा दिवस मिळतात. या मुदतीत नापसंती लेखी कळवून बाहेर पडलात तर इसारा परत मिळतो. मुदत टळली की हात बांधले गेले. पुष्कळ जण आठव्या दिवशी इन्स्पेक्टर बोलावतात. पहिल्याच दिवशी बोलवा, कारण एकाच्या अहवालातून दुसऱ्या तज्ज्ञाची गरज निघते.

छपराचंच घ्या. कौलारू छप्पर खालून अगदी नवं दिसतं, आणि कौलं पन्नास वर्षं टिकतातही. पाणी अडवतो तो कौलांखालचा कागद, आणि तो या उन्हात वीस-पंचवीस वर्षांत कुरकुरीत होऊन फाटतो. मग सगळी कौलं उतरवून, कागद बदलून परत बसवायची. हा खर्च हजारो डॉलरचा. १९९८-२००४ च्या सुमाराचं घर असेल तर ‘कागद कधी बदलला?’ एवढा एकच प्रश्न विचारा आणि पावती मागा. एसीचं वय बाहेरच्या युनिटच्या पट्टीवरून कळतं. इथे तो वर्षातले सहा महिने राबतो, त्यामुळे बारा-पंधरा वर्षांचा झाला की त्याचे दिवस भरत आले असं समजा. वाळवीची तपासणी वेगळी करून घ्या. सिमेंटच्या घराला कसली वाळवी असं वाटतं, पण स्टुकोच्या, म्हणजे सिमेंटच्या गिलाव्याच्या, आत लाकडाचाच सांगाडा असतो आणि जमिनीतली वाळवी इथे सर्रास आहे.

छतावर सोलर असेल तर थांबा. विकत घेतलेलं की भाड्याचं? भाड्याचं असेल तर तो वीस-पंचवीस वर्षांचा करार तुमच्या गळ्यात येतो, कित्येकदा दरवर्षी वाढणाऱ्या हप्त्यासकट. विक्रेत्याने तो फेडून द्यावा ही अट ऑफरमध्येच घाला.

आणि विक्रेत्याचे मागच्या जुलै-ऑगस्टचे वीजबिल मागायला संकोच करू नका. फेब्रुवारीतल्या भेटीत न दिसलेलं सगळं त्या दोन कागदांवर असतं.

अंगण आपलं, पण सगळं आपलं नाही

एचओएचे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे, नियम शंभर-दीडशे पानांचे असतात म्हणून न वाचता सही करतात. निदान दोन गोष्टी वाचा: बाहेरचे रंग, झाडं, शेड याला कुणाची परवानगी लागते, आणि राखीव निधीत किती पैसे आहेत. उत्तर स्कॉट्सडेलमध्ये याहून महत्त्वाचं म्हणजे ‘नाओस’, प्लॉटचा नैसर्गिक ठेवायचा राखीव भाग. तो तुमच्या मालकीचा असतो, कर तुम्ही भरता, पण तिथली झुडपं उपटायची नाहीत, हिरवळ लावायची नाही, फरशी टाकायची नाही. एकरभर जागा बघून क्रिकेटची खेळपट्टी आखणारे हौशी मला भेटलेत. आधी नकाशावर तो भाग कुठून कुठपर्यंत आहे ते बघा. सवारो निवडुंगालाही परवानगीशिवाय हात लावू नका. त्याला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात.

घराच्या आतही एक जागा जपायची. गॅरेजच्या फरशीवर कोपऱ्यात शिक्का असेल की स्लॅब ‘पोस्ट-टेन्शन’ आहे, कापू किंवा भोक पाडू नये, तर तो शब्दशः पाळा. त्या काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतात. देवघराचा संगमरवरी चौथरा पक्का करायला कुणी सहज ड्रिल काढतं, आणि तार तुटली तर माणूस जखमी होतो, स्लॅबचं काम वेगळंच.

राहायला गेल्यावर बिघडतं ते

एसीची गार हवा थांबली की घाबरून सर्व्हिसवाल्याला फोन लावण्याआधी पाच मिनिटं द्या. थर्मोस्टॅटचा पडदा कोरा असेल तर बॅटरी बघा. ती ठीक असेल तर माळ्यावरच्या युनिटखालचं तबक भरलंय का बघा. पाणी जाणारी पांढरी नळी शेवाळाने तुंबली की तरंगता स्विच यंत्र बंद करतो. बाहेरच्या टोकाला पाणी ओढणारा व्हॅक्यूम लावून नळी ओढून काढली की पुष्कळदा काम होतं. तांब्याच्या नळीवर बर्फ दिसला तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा आणि फिल्टर बदला. इथल्या धुळीत उन्हाळ्यात तो महिन्याला बदलावाच लागतो. बाहेरच्या युनिटचा घूं-घूं आवाज येतोय पण पंखा फिरत नाही, तर बहुधा कपॅसिटर (मोटर सुरू करून देणारा सुटा भाग) गेलाय. ब्रेकर पाडा, आत हात घालू नका, माणूस बोलवा. आमचा शनिवारी दुपारी गेला होता, बाहेर ११४ फॅरनहाइट; दोन तासांत घरात ९१. तेव्हापासून एका खोलीसाठी चाकांचा छोटा एसी घेऊन ठेवलाय, आई-बाबा उन्हाळ्यात आले तर तो हवाच.

वीजबिल अवाच्या सवा आलं तर आधी आपला प्लॅन बघा. वेळेनुसार दर असलेल्या प्लॅनमध्ये संध्याकाळचे तास, उदाहरणार्थ एपीएस या वीजकंपनीकडे कामाच्या दिवशी ४ ते ७, सर्वांत महाग असतात. काही प्लॅनमध्ये त्या वेळातल्या सर्वाधिक वापराच्या एका तासावर महिन्याचा वेगळा आकार लागतो. गौरी-गणपतीत पाहुणे आलेत, ओव्हन, ड्रायर आणि दोन्ही एसी साडेपाचला एकदम चालू: तेवढा एक तास महिनाभर महागात पडतो. दुपारी तीनपर्यंत घर चांगलं गार करून ठेवा, धुणं-भांडी रात्री आठनंतर.

पाण्याचं बिल वाढलं आणि पूल गळतोय असं वाटलं तर बादलीने तपासा. पूलमध्ये आपोआप पाणी भरणारा नळ बंद करायचा. बादली पूलच्याच पाण्याने भरून पायरीवर अशी ठेवायची की काठ वर राहील. बादलीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर टेप चिकटवायची. चोवीस तासांनी बघा. दोन्ही सारखीच खाली गेली तर बाष्पीभवन. जूनमध्ये दिवसाला पाव-अर्धा इंच सहज उडतं. बाहेरची जास्त उतरली तर गळती. पूल ठीक निघाला तर ठिबकच्या नळ्या तपासा, उन्हाने तडकलेल्या असतात. कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक यात मात्र ‘आमची मुलं मोठी आहेत’ असं म्हणू नका. पाहुण्यांची लहान असतात.

विंचू निघतील. डोंगराला लागून असलेल्या घरात तर नक्कीच. रात्री अतिनील टॉर्च घेऊन कुंपणाची भिंत बघा, विंचू हिरवट चमकतात, म्हणजे कुठून येतात ते कळतं. औषध फवारण्यापेक्षा दाराखालच्या फटी बुजवणं जास्त उपयोगी. कार्डाची कड जाते तिथून तो येतो. इथला पिवळट बार्क विंचू लहान मुलाला चावला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. विषबाधा मदत केंद्राचा क्रमांक, १-८००-२२२-१२२२, फ्रिजवर लावून ठेवा. श्वास किंवा डोळ्यांची हालचाल वेगळी वाटली तर सरळ ९११.

तुळस आणि कढीपत्ता घराच्या पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली. जमिनीत लावायचं असेल तर ऑक्टोबरची वाट बघा. खणताना फूटभरावर चुनखडीचा दगडासारखा थर लागला, तर तो फोडून पाणी खाली जिरतंय का बघा: खड्डा भरून ठेवायचा, दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर जागा बदला. डिसेंबर-जानेवारीत डोंगराकडच्या भागात रात्री पारा शून्य सेल्सियसला टेकतो, त्या रात्री कढीपत्त्यावर जुनी चादर टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा.