हिरवं पॅरामेशियम कसं शोधावं आणि त्यात काय पाहावं

तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा तिच्या आतला भाग (मायटोकॉन्ड्रिया), एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होती, हे वाक्य अकरावीची पोरं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. एका पेशीत दुसरी कशी नांदते हे डोळ्यांनी दिसावं म्हणून मी त्यांना आधी पॅरामेशियम बर्सारिया हा तळ्यातला एकपेशीय जीव शोधायला लावते. या एका पेशीच्या पोटात क्लोरेल्ला नावाच्या शेवाळाच्या शेकडो पेशी जिवंत नांदतात. शंभरपट मोठं दाखवणारा साधा मायक्रोस्कोप पुरतो. चारशेपट असेल तर उत्तम.

संथ पाण्याचं, हायड्रिला ही पाणवनस्पती वाढलेलं तळं गाठा. काठाशी कुजत पडलेल्या पानांसकट बरणीभर पाणी घ्या. घरी आल्यावर बरणीला काळा कागद गुंडाळा, एका बाजूला रुपयाएवढं भोक ठेवा आणि ते खिडकीकडे करा. थेट ऊन नको. हिरवी पॅरामेशियमं उजेडाकडे जमतात. तासा-दोन तासांनी भोकाजवळचंच पाणी ड्रॉपरने उचला.

युग्लीना हा दुसरा हिरवा एकपेशीय जीवही तिथेच येतो, आणि पोरं हमखास तिलाच पॅरामेशियम समजतात. युग्लीना निमुळती असते, पुढे एकच शेपूट. आपलं पॅरामेशियम पावलाच्या आकाराचं, साधारण 0.1 मिलिमीटर लांब, अंगभर केसाळ. ते भलतं पळतं. स्लाइडवर कापसाचे दोन-चार तंतू पसरून त्यावर थेंब टाका, मग कव्हरस्लिप ठेवा. तंतूंत अडकलं की निवांत बघता येतं.

आतले हिरवे कण गोल फिरताना दिसतील. आता शेजारी हायड्रिलाचं पान लावा. तिथेही हिरवे कण फिरतात! पण ती हरितलवकं, म्हणजे पानाच्या पेशीतलेच हिरवे भाग. क्लोरेल्लाला स्वतःचं केंद्रक आहे, ती बाहेर काढली तरी जगू शकते. हरितलवकाचे पूर्वज सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर अन्न बनवणारे जिवाणू, पण त्याची बहुतेक जनुकं कधीच यजमानाच्या, म्हणजे त्याला सामावून घेणाऱ्या पेशीच्या, केंद्रकात गेली. त्याला आता दुसरं घर नाही. आपल्या तंतुकणिकेकडे तर जेमतेम 37 जनुकं उरलीत.

एक सावधगिरी. पॅरामेशियम स्वतःच पुढारलेली, केंद्रकवाली पेशी आहे, घास गिळणारी. तंतुकणिकेचा पहिला यजमान तसा नसावा. आपल्या पेशींचे सर्वांत जवळचे ज्ञात नातलग म्हणजे आस्गार्ड आर्किया, जिवाणूंहून वेगळ्या गटातले केंद्रक नसलेले सूक्ष्मजीव. जपानमध्ये हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांनी 2,533 मीटर खोल समुद्रतळाच्या गाळातून त्यातला एक जीव 12 वर्षं खपून वाढवला आणि 2020 मध्ये जाहीर केला. व्यास सुमारे 550 नॅनोमीटर, संख्या दुप्पट व्हायला 14 ते 25 दिवस. आत केंद्रक नाही, बाहेर मात्र लांब, फांद्या फुटलेले हात. जिवाणू गिळला गेला नसेल, त्या हातांत गुंतत गेला असेल, असं त्यांनी सुचवलं. मला तरी हे गिळण्याच्या चित्रापेक्षा पटतं.

पुढचा प्रयोग अंधारातला. थोडी हिरवी पॅरामेशियमं वेगळ्या बरणीत घेऊन कपाटात ठेवा. भाताचा पेंढा उकळून गार केलेलं पाणी दोन दिवस उघडं ठेवलं की त्यात जिवाणू वाढतात. ते आठवड्याला चमचाभर घाला. खायला मिळालं की पॅरामेशियम भराभर दुभंगतं, शेवाळ मागे पडतं आणि काही आठवड्यांत फिकट पेशी दिसू लागतात. उरलेली बरणी उजेडातच राहू द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? उपाशी ठेवलंत तर अंधारातली सगळीच मरतील.