कटआउट घ्यायचा तर घट्ट बंद होणारा घ्या

कटआउट म्हणजे सायलेन्सरच्या अलीकडे मुख्य पाइपला काढलेली फांदी आणि तिच्या तोंडाशी एक झडप. झडप उघडली की धूर सायलेन्सर टाळून थेट बाहेर पडतो, मिटली की मूळच्या वाटेनं जातो. उघडा असताना स्वस्त आणि महाग कटआउट सारखेच वाजतात. पैसे कशाचे मोजले ते कळतं बंद केल्यावर. म्हणून सांगलीजवळच्या आमच्या कुपवाडच्या शेडमध्ये कुणी टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आला आणि "दादा, आवाज कसा येईल?" असं विचारलं, की मी आधी बंद झडपेचंच बोलतो.

त्याच्याही आधी कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच म्हणतो. मूळ रचनेत मनानं बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० आहेच, त्यात पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद. तेव्हा सांगलीत विश्रामबागच्या चौकात रात्री झडप उघडायची असेल तर हे काम करूच नका. तिथं दवाखाने आहेत, अभ्यासाची पोरं आहेत, म्हातारी माणसं आहेत. मी सांगतोय ते अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला (सरळ रेषेतल्या शर्यतीला) किंवा कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर नेणाऱ्या गाडीसाठी.

अशा गाडीसाठी मी कटआउट मुख्य पाइपात कायमचा वेल्ड करत नाही. दोन व्ही-बँड क्लॅम्पच्या (पाइपाच्या कड्या जोडून आवळणाऱ्या पट्ट्यांच्या) मधला फूट-दीड फुटाचा तुकडा सुटा करतो. त्या मापाचे दोन तुकडे बनवायचे, एक साधा सरळ नळीचा आणि दुसरा कटआउटचा. रस्त्यावर सरळ तुकडा, ट्रॅकवर पोचल्यावर कटआउटचा. गाडी रॅम्पवर आणि पाइप गार असेल तर अदलाबदल अर्ध्या तासात होते. खर्च थोडा वाढतो, पण घर ते ट्रॅक असा सगळा प्रवास सायलेन्सरमधूनच होतो.

आता तुमच्या गाडीला कटआउट लागतो का ते तपासा. सायलेन्सरच्या अलीकडे एक नट वेल्ड करून त्यात मीटरभर तांब्याची नळी बसवा, तिच्या टोकाला रबरी होज आणि ० ते १५ पीएसआयचं (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) गेज. तांबं लांब ठेवायचं, नाहीतर उष्णतेनं होज वितळतो. डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून वरच्या आरपीएमला दाब बघा. तो एक पीएसआयच्या आसपास असेल तर सायलेन्सर तुमची ताकद खात नाहीये. कटआउटनं फक्त आवाज मिळेल, आणि नुसत्या आवाजासाठी मी तरी पाइप कापणार नाही. दाब तीन-चारच्या पुढे गेला तर काम करण्यात अर्थ आहे. टर्बोच्या गाडीला फायदा जास्त, कारण धुरानं फिरणाऱ्या टर्बाइनमधून बाहेर पडल्यानंतरचा दाब उतरला की ते लवकर फिरायला लागतं. पण तिथंच धोकाही आहे. वेस्टगेट (टर्बाइनला जादा धूर टाळू देणारी झडप) लहान असेल तर बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) ठरवलेल्या आकड्याच्या वर सरकत जातो. म्हणून ट्यून करताना झडप उघडी आणि बंद, दोन्ही वेळचे लॉग (आकड्यांच्या नोंदी) घ्यायला सांगा. डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीवाल्यांनी हा विषय सोडून द्यावा.

जागा ठरवण्यात घाई नको. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवरच राहिला पाहिजे आणि कटआउट त्याच्या पुढे, सायलेन्सरच्या आधी. दोन्ही ऑक्सिजन सेन्सर कटआउटच्या अलीकडेच यायला हवेत. इंजिन आयडलवर असताना पाइपातला प्रवाह ठोक्याठोक्यानं पुढे-मागे होतो आणि उघड्या तोंडातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर जवळ असेल तर ती हवा त्याला लागते, तो मिश्रण पातळ झालं समजतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मी शेवटच्या सेन्सरपासून किमान दीड फूट सोडतो.

मग फांदी कुठल्या बाजूला? खाली तोंड करून कधीच नको. थंड इंजिन सुरू केलं की पाइपात पाणी सुटतं, ते खालच्या खिशात साठतं, त्यात काजळी मिसळते आणि झडपेचा दांडा जाम होतो. शिवाय आपल्याकडचे स्पीड ब्रेकर बघा, उसाचा हंगाम लागला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते बघा. खाली लोंबणारी झडप पहिल्याच आठवड्यात घासते. फांदी आडवी, घड्याळातल्या तीन किंवा नऊच्या दिशेला, किंचित वर उचललेली ठेवा. प्रवाहाच्या दिशेनं ३० ते ४५ अंशांत झुकलेली असेल तर धूर सहज वळतो, काटकोनात काढलेली फांदी फायदा कमी करते.

तोंड कुठे सुटतं हे तर जिवाचं काम आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तोंड केबिनच्या पोटाखाली सोडलं आणि गाडी ग्रिडवर (शर्यत सुरू होण्याच्या जागी) उभी राहिली तर तो वायू गाडीच्या तळातल्या भोकांतून, दारांच्या फटींतून आत येतो. पुढे एक नळी जोडून तोंड गाडीच्या कडेच्या बाहेर, मागच्या चाकाच्या दिशेनं न्या. टायरवर, ब्रेकच्या होजवर, पेट्रोलच्या पाइपवर झोत पडता कामा नये. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची लाइन एक्झॉस्टच्या जवळूनच जाते, तिच्या आणि कटआउटच्या मधे पत्र्याची ढाल लावल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. फ्लोअरमधल्या भोकांत बसवलेले सगळे रबरी ग्रोमेट जागेवर आहेत का तेही बघा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, दोन मिनिटंही नाही.

मापाचा घोळ मी सगळ्यात जास्त बघतो. एक्झॉस्टची नळी बाहेरच्या व्यासानं मोजतात: अडीच इंच म्हणजे ६३.५ मिमी, तीन इंच म्हणजे ७६.२ मिमी. हार्डवेअरच्या दुकानातला पाइप मात्र एनबी (नॉमिनल बोअर, म्हणजे नावापुरत्या आतल्या) मापाचा असतो, तिथला दोन इंची पाइप बाहेरून ६०.३ मिमी भरतो. तो आणून बसवायला गेलात की काहीच जुळत नाही. गाडीखाली व्हर्नियर पोचत नसेल तर पाइपभोवती पट्टी गुंडाळा. घेर २०० मिमीच्या आसपास आला तर नळी अडीच इंची, २३९ आला तर तीन इंची. सांगली-मिरजेत एक सोय आहे. डेअरीच्या लाइनसाठी येणारी स्टेनलेस ट्यूब बाहेरच्या व्यासानंच विकली जाते, ५१, ६३.५, ७६.१ अशी. बरोबर आपल्या मापात, ३०४ ग्रेडमध्ये. आणि दूध संघांची, साखर कारखान्यांची स्टेनलेस कामं करणारे टिग वेल्डर इथं आहेत, ते नळीच्या आतून आर्गन वायू सोडून वेल्ड करतात, त्यामुळे आतली बाजू काळी खरखरीत होत नाही. अशा माणसाकडून वेल्ड करून घ्या. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप स्वस्त पडतो म्हणून वापरू नका, वेल्ड करताना त्यातल्या जस्ताचा धूर छातीत जातो.

आता झडप. तीन पर्याय आहेत: बोल्टनं बसणारं साधं झाकण, केबलनं ओढायची झडप, आणि मोटरवर फिरणारी बटरफ्लाय (मधल्या दांड्यावर फिरणाऱ्या चकतीची झडप). वर्षातून मोजक्या वेळा ट्रॅकवर जाणाऱ्याला मी झाकणच सांगतो. तीन बोल्ट, जाड प्लेट, मधे ग्रॅफाइटचं गॅस्केट. त्यात फिरणारा भाग नाही, वायर नाही, आणि बंद म्हणजे बंद. दोन रनच्या मधे पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबण्याच्या जागेत) गाडी शांत ठेवायची असेल, सारखं उघड-बंद करायचं असेल तरच मोटर घ्या.

बटरफ्लाय घेताना दुकानातच तपासा. झडप मिटवून आत टॉर्च धरा आणि अंधारात बाहेरून बघा. कडेनं उजेडाची कडी दिसली तर तेवढीच फट धुरालाही मिळणार. अगदी शून्य फट कुणालाच जमत नाही, कारण स्टेनलेस तापलं की फुगतं, मीटरभर नळी ४०० अंशांनी तापली तर जवळपास ७ मिमी वाढते. चकतीला फिरायला जागा ठेवावीच लागते. चांगल्या झडपेत चकती सपाट कडेवर न टेकता आत कोरलेल्या पायरीवर बसते आणि त्या पायरीमुळे फट झाकली जाते. दांडा हातानं हलवून बघा, खुळखुळत असेल तर ठेवून द्या. मोटर शेवटाला पोचल्यावर आपोआप थांबते का ते विचारा. न थांबणाऱ्या मोटरचे दात बटण दाबून धरल्यानं झिजतात.

बसवताना बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पाइप गाडीवरच ठेवून जागेवर समोरासमोर चार टॅक (वेल्डचे ठिपके) मारा, मग सगळं खाली उतरवून टेबलावर पूर्ण वेल्ड करा. व्ही-बँडच्या कड्या एकमेकींना क्लॅम्प लावूनच वेल्ड करायच्या, सुट्या वेल्ड केल्या की वाकतात आणि मग कधीच बसत नाहीत. एकदम गोल फिरून वेल्ड ओढू नका, इंचभर इकडे, इंचभर समोर. झडपेच्या अंगाला वेल्डची उष्णता लागली तर गोलाई बिघडते आणि चकती अडकते, म्हणून फांदीला फ्लँज (बोल्टच्या भोकांची कडी) वेल्ड करून झडप नंतर बोल्टनं जोडा. कटआउटच्या तुकड्याचं वजन जास्त असतं, त्यासाठी जवळ एक रबरी हँगर वाढवा. नाहीतर सगळा भार इंजिनजवळच्या लवचिक फ्लेक्स पाइपवर येतो आणि तो फाटतो.

मोटर असेल तर ती वरच्या बाजूला, पाइपपासून दूर तोंड करून ठेवा. वीज इग्निशन ऑन झाल्यावर येणाऱ्या लाइनवरून, संचात दिलेल्या मापाच्या फ्यूजमधून घ्या. अर्थ रंग खरवडलेल्या पत्र्यावर. वायर फायबरग्लासच्या स्लीव्हमधून न्या, आणि आत घेताना आहे त्याच ग्रोमेटमधून घ्या, नवं भोक पाडू नका.

काम झाल्यावर झडप बंद करून गार इंजिन सुरू करा, एकानं मागच्या पाइपाच्या तोंडाशी ओलं फडकं अर्धवट दाबून धरावं, दुसऱ्यानं सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडावं. जिथं बुडबुडे येतील तो जोड परत करायचा. पहिल्यांदा गाडी पूर्ण तापवून गार झाली की सगळे बोल्ट पुन्हा आवळा, ग्रॅफाइट तेवढ्यात दबलेलं असतं. बटरफ्लायचा तुकडा महिनोन्‌महिने फडताळात पडून राहत असेल तर त्याची झडपही मधेअधे उघड-बंद करा. झाकण वापरत असाल तर ट्रॅकच्या पेटीत दोन जादा गॅस्केट आणि स्टेनलेसचे बोल्ट ठेवा. एकदा तापून दबलेलं गॅस्केट दुसऱ्यांदा नीट बसत नाही.