ट्रेनरवर वॉट्स पडत होते, फॅनने काम केलं
सायकल घरात ट्रेनरवर (मागचं चाक अडकवायच्या स्टँडवर) लावून झ्विफ्ट या सायकलिंग ॲपवर एव्हरेस्टिंग करायचंय, म्हणजे एकाच चढावर वरखाली करत ८,८४८ मीटर. ॲपमधल्या आल्प दु झ्विफ्टचा चढ १,०३६ मीटरचा, म्हणजे तो साडेआठ वेळा तरी चढायचा, पण माझा दुसऱ्याच फेरीत हार्टरेट चढायचा नि वॉट्स, म्हणजे पेडलवरची ताकद, पडायचे. सिंहगडला असं कधी झालं नाही. मग एकदा खाली बघितलं तर कोपरावरून टपटप घाम, मॅटवर तळं आणि हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे बोल्ट गंजलेले! वाराच नाही तर घाम सुकणार कसा, अंग थंड होणार कसं. आता पेडेस्टल फॅन समोर छातीच्या उंचीला, टेबल फॅन पाठीशी, दोन्ही घाम यायच्या आधीच चालू, पहाटे पाचला कोथरूडच्या घराचं गॅलरीचं दार सताड उघडं, आणि बाटलीत लिंबू-मीठ-साखर. परवा तीन फेऱ्या झाल्या, वॉट्स शेवटपर्यंत टिकले.