टीम फोटोचं टेम्पलेट बनवताय? या चुका टाळा

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगात आला की कोल्हापुरातल्या फोटो स्टुडिओंत आणि फ्लेक्सवाल्यांकडे ठरलेली ऑर्डर येते: "टीमचा फोटो पायजे, मागच्या वर्षीसारखाच, आन् संध्याकाळपर्यंत." मग मागच्या वर्षीची फाइल उघडायची, जुने चेहरे खोडायचे, नवे चिकटवायचे, नावं बदलायची. याला बरेच जण टेम्पलेट म्हणतात. पण ती नुसती जुनी फाइल असते. टेम्पलेटमध्ये दर वर्षी बदलणाऱ्या गोष्टी आधीच वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात, म्हणजे चेहरे, नावं, नंबर, रंग आणि साल. बाकीच्या भागाला हातसुद्धा लावावा लागत नाही. खालच्या बहुतेक भानगडी हे न केल्यामुळे होतात. सगळं फोटोशॉप धरून लिहिलंय.

एक चेहरा बदलला, अकराही बदलले

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. एका खेळाडूची चौकट स्मार्ट ऑब्जेक्ट (म्हणजे आत स्वतंत्र फाइल असलेला लेयर) म्हणून तयार केली आणि कंट्रोल + जे दाबून तिच्या दहा प्रती काढल्या, तर त्या सगळ्यांच्या आत एकच फाइल असते. गोलकीपरचा फोटो टाकला की पूर्ण संघ गोलकीपरचा होतो. प्रत काढताना लेयरवर राइट क्लिक करून 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' निवडा. मग प्रत्येक चौकट स्वतंत्र राहते.

हीच खोड मंडळाच्या लोगोसाठी मात्र कामाची आहे. लोगो वर मोठा, खाली छोटा आणि मागे फिकट असा तीन ठिकाणी असेल, तर तिथे मुद्दाम कंट्रोल + जे वापरा. एकदा बदलला की तिन्हीकडे बदलतो.

एक खेळाडू पैलवान, शेजारचा बालवाडीतला

'रिप्लेस कंटेंट्स' (आतला फोटो थेट बदलणं) केल्यावर फोटो भलताच मोठा किंवा लहान येतो, कारण नव्या फोटोचं पिक्सेलमधलं माप जुन्यासारखं नसतं. एक फोटो कॅमेऱ्यातून आलेला, दुसरा व्हॉट्सॲपवरून दबून आलेला, मग दुसरं काय होणार? उपाय असा: प्रत्येक स्मार्ट ऑब्जेक्टच्या आतला कॅनव्हास एकाच मापाचा ठेवा, समजा १२०० बाय १८०० पिक्सेल. त्यात दोन गाइड (न छापल्या जाणाऱ्या खुणेच्या रेषा) ओढा, एक डोक्याच्या वर आणि एक हनुवटीखाली. 'रिप्लेस' न करता स्मार्ट ऑब्जेक्ट डबल क्लिकने उघडायचा, आत नवा फोटो ठेवायचा, गाइडला जुळवायचा आणि सेव्ह करायचं.

कमरेपर्यंतच्या फोटोंसाठी हे पुरतं. पूर्ण उभे खेळाडू असतील तर डोकी जुळवत बसू नका. बुटांची रेषा एक ठेवा आणि उंची खरी राहू द्या. उंचापुरा बॅक दाबून ठेंगणा केला की पोरं लगेच ओळखतात.

आणखी एक. जागेला शोभावं म्हणून फोटो आडवा फ्लिप करतात आणि जर्सीवरचा नंबर उलटा होतो. फ्लिप करायचाच नाही.

रंगाचा घोळ

बॉर्डर, नावाची पट्टी, मागचा पट्टा असा संघाचा रंग चार-पाच ठिकाणी असतो. प्रत्येक आकाराला वेगळा रंग दिला की बदलताना एखादा हमखास राहतो. पाटाकडील आणि खंडोबा हे इथले फुटबॉल संघ; पाटाकडीलच्या बोर्डावर खंडोबाच्या रंगाची पट्टी राहिली तर पुढं काय होईल ते कोल्हापूरकराला सांगायला नको. रंग लागणारे सगळे आकार एका ग्रुपमध्ये घ्या, वर एकच 'सॉलिड कलर' लेयर ठेवा आणि तो ग्रुपला क्लिप करा, म्हणजे रंग फक्त त्या आकारांवरच दिसतो. रंग बदलायची जागा एकच राहते.

मराठी नावं फुटतात

वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, रफार सुटतो, जोडाक्षरं हलन्त लावून येतात. फॉन्ट खराब नसतो, फोटोशॉपचं टेक्स्ट इंजिन चुकीचं लागलेलं असतं. प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप' उघडा, तिथे 'वर्ल्ड-रेडी लेआउट' पर्याय दिसत असेल तर तो निवडा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा. जुन्या आवृत्त्यांत या पर्यायाचं नाव 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं आहे. एवढ्यावर काम संपत नाही. आधी बनवलेले टेक्स्ट लेयर जुन्याच पद्धतीवर असू शकतात, म्हणून ते निवडून पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' लावा.

दुसरा घोळ जुन्या फॉन्टचा. टेम्पलेट श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये बनवलेलं आणि नावांची यादी मोबाइलवर युनिकोडमध्ये (मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये) आलेली. पेस्ट केली की चौकोन तरी दिसतात नाहीतर अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमध्ये येतात, मग शेवटच्या तासाला सगळी नावं पुन्हा टाइप करत बसा. टेम्पलेट सुरुवातीपासून युनिकोड फॉन्टमध्येच करा. मुक्ता, बालू, नोटो सॅन्स देवनागरी हे मोफत आहेत आणि लहान अक्षरातही वाचता येतात.

पट्टीची रुंदी ठरवताना 'अजय माने' टाकून बघू नका. 'मल्लिकार्जुन घोरपडे' आणि 'हर्षवर्धन सरनोबत' टाकून बघा. रफार, जोडाक्षर आणि लांबी, तिन्हीची परीक्षा एकदमच होते. मजकूर मध्यभागी जुळवून ठेवा. आणि कुणीतरी कंसात टोपणनाव घालायला सांगणारच, तेवढी जागा सोडाच.

माप

८×१२ आणि १२×१८ इंच यांचं प्रमाण एकच, २:३. त्यामुळे ३०० पीपीआयला (एका इंचात ३०० पिक्सेल) १२×१८ म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेलवर बनवलेलं टेम्पलेट दोन्हीला चालतं. ५×७ किंवा ८×१० ला चालत नाही, कडेचे खेळाडू कापले जातात. १०×८ फुटी फ्लेक्ससाठी तर वेगळीच फाइल करा. तिथे ७२ पीपीआय पुरतं, म्हणजे ८६४० बाय ६९१२ पिक्सेल. इमेज साइज बदलताना 'स्केल स्टाइल्स' चालू आहे ना बघा, नाहीतर नावांच्या कडा एकतर जाडजूड होतात किंवा दिसेनाशा होतात.

खेळाडू कमी-जास्त

कबड्डीचे मैदानावर सात, फुटबॉलचे अकरा आणि वर राखीव. उभे आणि बसलेले असे दोन ग्रुप करून गरजेपेक्षा दोन-तीन चौकटी जास्तच ठेवा. नको त्या डिलीट करू नका, नुसत्या लपवा. उरलेल्या 'डिस्ट्रिब्यूट'ने सारख्या अंतरावर येतात.

सेव्ह करताना

घाईत 'फ्लॅटन' (सगळे लेयर एकत्र) करून त्याच नावानं सेव्ह केलं की टेम्पलेट गेलं. मूळ फाइलला विंडोजच्या प्रॉपर्टीजमधून 'रीड-ओन्ली' करून ठेवा. लिंक केलेले (फाइलच्या बाहेर ठेवलेले) फोटो असतील तर पेन ड्राइव्हवर नेताना फाइल मेनूतलं 'पॅकेज' वापरा, म्हणजे ते दुसऱ्या मशीनवर हरवणार नाहीत. लॅबला द्यायचा जेपीईजी एसआरजीबीमध्ये काढा. ॲडोबी आरजीबीत दिला तर बऱ्याच ठिकाणी जर्सी मळकट छापून येते.

छापायच्या आधी नावांची प्रूफ दाखवायची ती एकाच माणसाला, कर्णधाराला नाहीतर मॅनेजरला. मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका. तिथं जो तो आपली दुरुस्ती सांगतो आणि शेवटी बिलाचं विचारलं की सगळे ऑफलाइन.