इलेक्ट्रिक की पेट्रोल? आधी जाम गेटचा घाट उतरा

वेगवान गाडी घेताय? मग इंदूरमधल्या विजयनगरच्या सपाट रस्त्यावरच्या फेरीवर ठरवू नका. तिथे इलेक्ट्रिकच बाजी मारणार. मोटर शून्यापासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देते. इलेक्ट्रिक बीवायडी सील परफॉर्मन्स ३.८ सेकंदांत ताशी १०० किमी गाठते, पेट्रोलवरच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयला जवळपास ६ लागतात.

शोरूमवाल्याकडे हट्ट धरा आणि दोन्ही गाड्या महूपुढे जाम गेटला न्या. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, आणि शर्यत अजिबात नको. उतारावर इलेक्ट्रिकचं रिजन, म्हणजे वेग कमी होताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं, जास्तीत जास्त ठेवा. पाय उचलताच गाडी आपोआप धीमी होते, ब्रेक तापत नाहीत. फक्त बॅटरी शंभर टक्के भरून निघू नका. वीज साठवायला जागाच नसते, मग रिजन कमी मिळतं. ऐंशी पुरे. वळणावर दोन टनांहून जास्त वजन जाणवतंच.

पेट्रोलमध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा गियर टाका. इंजिन गाडी धरून ठेवतं, आणि काट्याकडे न बघता आवाजावरून वेग कळतो. माझा जीव यातच आहे.

राजवाड्यामागच्या गल्लीत राहता, चार्जर लावायला स्वतःची जागा नाही? मग सरळ पेट्रोल घ्या. टायरचे भाव मात्र दोन्हींचे आधी विचारा.