या चुका टाळा: घरी नव्याने बांधलेली जुनी एमजीबी रस्त्यावर काढण्याआधी

जुनी स्पोर्ट्‌स कार (एमजीबी ही ब्रिटनच्या एमजी कंपनीची अशीच एक) घरच्या गॅरेजमध्ये खोलून नव्याने उभी करणारी माणसं सुरुवातीची वर्षं फार जपून काम करतात. गंज कापतात, पत्रा जोडतात, एकेक नटबोल्ट साफ करून चिठ्ठी लावलेल्या डबीत ठेवतात. मग रंगकाम होतं, गाडी चमकायला लागते आणि घाई अंगात शिरते. घरचे विचारतात, शेजारी विचारतात, त्यात इंग्लंडचा चार दिवसांचा उन्हाळा तोंडावर आलेला असतो. कापायला-जोडायला आठ वर्षं घेतलेला माणूस वायरिंग, ब्रेक आणि इंजिन एका शनिवार-रविवारात उरकायला बघतो.

मी कॉव्हेंट्रीत राहतो. इथून तास-सव्वा तासावर एमजीच्या कारखान्याचं गाव, ॲबिंग्डन आहे. १९६२ ते १९८० या काळात तिथे पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, आणि आमच्या भागातल्या गॅरेजांत त्यातल्या कितीतरी अजून अर्धवट खोललेल्या पडून आहेत. नोकरीनिमित्त इकडे आलेली आपली मंडळीही आता हा नाद करू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण फोन येतात ते सगळे शेवटच्या टप्प्यावर, आणि तक्रारी त्याच त्याच. दोष बहुतेक वेळा पन्नास वर्षांच्या गाडीत नसतो, गेल्या महिन्यातल्या कामात असतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अर्थिंगची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीची. नाशिककडचा एक तरुण इंजिनीअर, गाडी १९७० ची, रंग इतका सुरेख की त्यात तोंड दिसावं. त्याचा फोन आला: ‘काका, सेल्फ मारला की इंजिन जेमतेम फिरतंय आणि चोकची केबल गरम होतेय.’ मी म्हटलं, आधी बॅटरी काढ. तोवर त्याने बॅटरी उतरली असेल असं समजून दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून पुन्हा दोनदा सेल्फ मारला होता. मी पोचलो तेव्हा गॅरेजभर जळक्या प्लास्टिकचा वास होता. डॅशबोर्डवरून इंजिनाकडे जाणाऱ्या चोक केबलचं वरचं आवरण वितळून शेजारच्या वायरींना चिकटलं होतं आणि आतली तार निळी-काळी पडली होती. डॅशबोर्डमागची नवीकोरी वायरिंग पुन्हा उतरवावी लागली.

कारण साधं आहे. सेल्फ मारताना स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर खेचतो, आणि तेवढा करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्यांचा बॉडीशी थेट संबंध नसतो. तो जोडते विणलेल्या तारेची एक जाड पट्टी. या पोराची जुनी पट्टी इंजिन उतरवताना तुटली होती म्हणून टाकून दिली गेली, आणि नवीन सामानाच्या यादीत कुणी ती लिहिलीच नाही. मग करंटने मिळेल ती वाट धरली. इंजिनाकडून बॉडीकडे जाणारी धातूची वस्तू उरली होती चोकची केबल. तिचा हीटर झाला.

पट्टी लावूनही हाच प्रकार होतो, कारण ती नव्या रंगावर लावलेली असते. रंग हा उत्तम इन्शुलेटर आहे आणि पावडर कोटिंग त्याहून उत्तम. अर्थचा प्रत्येक बिंदू खरवडून उघडा धातू दिसला पाहिजे. सुंदर रंगावर पॉलिश पेपर घासायला लोकांचा जीव वर-खाली होतो, पण घासा. खाली दातेरी वॉशर द्या, बोल्ट आवळा, मग वरून व्हॅसलीन चोळा. दिवे मिणमिणतात, इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट लुकलुकतो, पेट्रोलचा काटा नाचतो, असल्या तक्रारींसाठी लोक वर्षानुवर्षं लुकस या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने खडे फोडत आलेत. मी पाहिलेल्या गाड्यांत दोष बहुतेक वेळा रंगाखाली झाकलेल्या अर्थचा निघाला.

माझी सवय सांगतो. बॅटरी पहिल्यांदा जोडताना मी तिच्या अर्थच्या वाटेत ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब घालतो. सगळी बटणं बंद असताना तो पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. वायरिंग जळायच्या आत बल्ब सांगतो. मग बल्ब काढून सेल्फ मारताना मल्टीमीटरची एक पिन इंजिन ब्लॉकला आणि दुसरी बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावायची. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला की मी पुढे जात नाही. आणि १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, हे गाडीचं वर्ष पाहून आधीच ठरवा. बॅटरी उलटी लावून नवा रेडिओ जाळणारे दरवर्षी भेटतात.

दुसरी चूक महागडी आहे, आणि तिला कारणीभूत असतो पहिल्या स्टार्टचा समारंभ. इथल्याच एका निवृत्त गृहस्थांनी एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन स्वतः बांधलं होतं. नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा), नवे टॅपेट (त्या उंचवट्यांवर टेकणारे भाग), सगळी मापं वहीत व्यवस्थित लिहिलेली. काम इतकं नेटकं की मी स्वतः ती वही मागून घेऊन वाचली. पहिल्या स्टार्टला मुलं-नातवंडं जमली, मोबाइलवर शूटिंग सुरू झालं. इंजिन लागलं, टाळ्या पडल्या. मग त्यांनी ते आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीच्या संथ गतीवर, ठेवून कार्ब्युरेटर जुळवायला घेतला. बंद केलं, पुन्हा लावलं, पाहुण्यांना आवाज ऐकवला, पुन्हा बंद. काहीशे मैलांनंतर टॅपेटचा आवाज यायला लागला. व्हॉल्व्हचा गाळा ०.०१५ इंचावर लावला की आठवड्यात पुन्हा वाढलेला. इंजिन खोललं तर कॅमचे दोन उंचवटे झिजून जवळजवळ गोल झाले होते आणि त्यांचा चुरा तेलातून बेअरिंगपर्यंत पोचला होता. इतक्या वर्षांची मेहनत पहिल्या अर्ध्या तासात गेली.

या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतच चालतात, आणि कॅमच्या उंचवट्यांना तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने (इंजिनाच्या मुख्य दांड्याने) उडवलेलं. आयडलला ते पुरेसं उडत नाही, आणि त्याच वेळी स्प्रिंगचा पूर्ण दाब मात्र उंचवट्याच्या टोकावर असतो. म्हणून नवा कॅम असेल तर इंजिन लागल्या लागल्या ते २,००० ते २,५०० आरपीएमवर न्यायचं आणि आकडा थोडा वर-खाली करत वीस मिनिटं तिथेच ठेवायचं. आयडल नाही म्हणजे नाही. याचा अर्थ बाकी सगळं आधी तयार हवं: ठिणगीचं टायमिंग बल्ब लावून जुळवलेलं, एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरचे पेट्रोलचे जेट पूर्ण वर नेऊन तिथून दोन फेरे खाली, रेडिएटर भरलेला, हातात आग विझवायचं सिलिंडर. तेल जुन्या गाड्यांसाठीचं, झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं २०डब्ल्यू-५०. आजच्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक यात ओतू नका. आणि त्याही आधी प्लग काढून सेल्फ मारत राहायचं, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. काटा उठला नाही तर प्लग लावायचेच नाहीत.

पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी बोलवा. पहिल्या स्टार्टला मला गॅरेजमध्ये एकच जास्तीचा माणूस लागतो, तोही फक्त गळती बघायला.

दारांच्या फटी रंगाआधी जुळवा, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. एमजीबीला वेगळी चासी नाही. दाराखालची सिलची पत्रापेटीच रोडस्टरचा, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीचा, कणा आहे. जॅकवर जुळवलेली फट जमिनीवर बदलते, आणि मग लोक रंगवलेलं दार वाकवत बसतात. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेजची नवी बॉडी मिळते, पण तिलाही दारं-बोनेट बसवून बघावी लागतात. नवीन म्हणजे जुळलेली, असं समजू नका.

समोरची काच डॅशबोर्डच्या आधी. तिच्या पायांचे बोल्ट डॅशमागून आवळावे लागतात. क्रम उलटा केलेल्यांचे हात मी पाहिलेत.

तारांच्या चाकांच्या गाडीत हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) डावे-उजवे बदलू देऊ नका. डाव्या बाजूला उजवे आटे, उजव्या बाजूला डावे. अदलाबदल झाली तर गाडी चालता चालता चाकाचा मधला नट स्वतःच सैल होत जातो. इथे तडजोड नाही.

लांबलेल्या कामात ‘नवीन’ सामान म्हातारं होतं, हे लोकांना पटतच नाही. कामाच्या सुरुवातीला हौसेने घेतलेले टायर नक्षी पूर्ण असली तरी संपलेले असतात. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ब्रेकचं रबर, फोडून ठेवलेला ब्रेक ऑइलचा डबा, पेट्रोलचे होज, सगळ्यांची हीच गत. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, भारतात तर वीस टक्क्यांपर्यंत. जुन्या प्रतीचं रबर त्यात मऊ पडून चिरतं. इथेनॉल सोसणारेच होज घ्या. चावी फिरवली की मागच्या एसयू पंपाची टिकटिक ऐका. कार्ब्युरेटर भरले की ती थांबली पाहिजे. थांबली नाही तर लगेच चावी बंद करून टॅंकपासून पुढे बोट फिरवत ओल शोधा.

आणि गाडी पूर्ण झाली म्हणून पहिल्याच आठवड्यात स्कॉटलंडचं बुकिंग करू नका. आधी घराभोवती पाच मैल, मग थांबून हाताने प्रत्येक हबची उष्णता बघा. एखादा जास्त तापला असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. इंजिन थंड झाल्यावर हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा. पहिले पाचशे मैल पाने आणि मल्टीमीटर डिकीत असू द्या.

चाळीस वर्षांवरच्या, मूळ रचनेत मोठा बदल न झालेल्या गाड्यांना मे २०१८ पासून ब्रिटनमधल्या एमओटी या वार्षिक तपासणीची सक्ती नाही. या सवलतीचा फायदा घेऊ नका. गॅरेजात इतकी वर्षं ज्या गाडीकडे फक्त तुमचीच नजर होती, ती एकदा दुसऱ्याच्या लिफ्टवर चढू द्या. फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. तपासणाऱ्याला सरळ सांगा की गाडी पूर्ण खोलून नव्याने बांधली आहे, म्हणून ब्रेकच्या पाइपांचे सांधे आणि स्टिअरिंगचे नट विशेष बघ. तो खाली उभा राहून टॉर्च मारत असेल तेव्हा शेजारी थांबा, आणि तो काय म्हणतो ते वहीत उतरवून घ्या.