राणीछाप रुपया कसा वाचावा

कोल्हापुरातील जुन्या घरांमध्ये दरवर्षी लक्ष्मीपूजनाला बाहेर निघणारे चांदीचे रुपये हाच अनेकांच्या नाणेसंग्रहाचा आरंभ असतो. हळदीकुंकवाने माखलेला रुपया चिंच किंवा राख लावून घासण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि संग्राहकाने सर्वांत आधी मोडायची ती हीच. घासल्याने चांदी चकाकते खरी, पण राणी व्हिक्टोरियाच्या केसांच्या आणि पोशाखाच्या बारीक रेषा झिजतात. दुर्मीळ प्रकार ओळखायचा तो नेमका या रेषांवरूनच. कुंकू काढायचेच असेल, तर नाणे काही तास डिस्टिल्ड पाण्यात ठेवावे आणि मऊ सुती कापडाने न चोळता टिपून घ्यावे.

पहिली तपासणी वजनाची. कंपनी सरकारने १८३५ साली काढलेला एकसारखा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता आणि हेच तोळ्याचेही वजन होते. त्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. १९४० पासून हे प्रमाण निम्म्यावर आले, वजन मात्र तेच राहिले. नुसत्या वजनावर विसंबू नये, कारण बनावट नाणेही त्या वजनाचे करता येते. त्यासाठी एक सोपी कसोटी घरीच करता येते. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे बारीक दोऱ्याला बांधून, तळाला किंवा काठाला न टेकवता, पूर्ण पाण्यात सोडावे. १९४० पूर्वीचा पूर्ण वजनाचा अस्सल रुपया साधारण १.१३ ग्रॅमचा आकडा दाखवतो. तांब्या-पितळेचा तेवढ्याच वजनाचा रुपया १.३ च्या आसपास किंवा वर जातो. लोहचुंबकही जवळ असावा. चांदीचा म्हणून दिलेला रुपया चुंबकाला चिकटला, तर तो बाजूला ठेवावा. १९४७ चा वाघाच्या चित्राचा रुपया मात्र निकेलचा असल्याने चिकटणारच.

यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन, नाणे तिरप्या उजेडात धरून, वाचनाला बसावे. नाण्यावरचे वर्ष आणि नाणे पाडल्याचे वर्ष एकच असते असे गृहीत धरणे ही नवशिक्याची सर्वांत मोठी चूक असते. १८४० हे वर्ष असलेले व्हिक्टोरियाचे रुपये पुढे कितीतरी वर्षे पाडले जात होते. त्यांच्या एका प्रकारात राणीचे नाव डोक्यावरून सलग जाते, दुसऱ्यात ते दोन बाजूंना विभागलेले असते; शिवाय मागील बाजूच्या वेलीवरील फळांची संख्याही ठशानुसार बदलते. ती फळे मोजण्याचे काम कंटाळवाणे वाटेल, पण सामान्य आणि दुर्मीळ ठशांतील फरक तिथेच हाती लागतो.

१८६२ चा रुपया तर माझ्या मते अभ्यासासाठी सर्वांत समृद्ध आहे, आणि तो सहज मिळतोही. १८७४ मध्ये दरवर्षीची तारीख पुन्हा घालायला सुरुवात होईपर्यंत हेच वर्ष नाण्यावर गोठलेले राहिले, आणि त्या काळात मुंबईच्या टांकसाळीने मागील बाजूवर बारीक टिंबे घालून खरे वर्ष ओळखण्याची सोय केली. टिंबे किती आणि कोठे आहेत, राणीच्या पोशाखाच्या पुढील पट्टीचे भाग किती आहेत, मागील बाजूच्या वरच्या फुलाच्या पाकळ्या कशा आहेत, या तिन्हींची जुळणी नोंदवावी. एखादी जुळणी पेटीभर रुपयांत सापडते, तर एखादीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते.

टांकसाळीची खूण पाहायला विसरू नये. व्हिक्टोरिया आणि सातव्या एडवर्डच्या नाण्यांवर मुंबईसाठी ‘बी’ हे अक्षर, पंचम जॉर्जच्या रुपयावर तारखेखाली लहान टिंब, तर १९४४ व १९४५ च्या लाहोरच्या रुपयांवर ‘एल’ आढळते. कलकत्त्याच्या पुष्कळ नाण्यांवर काहीच खूण नसते.

१९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, तक्रारी झाल्या आणि १९१२ पासून तो ठसा सुधारण्यात आला. एकाच वर्षाचा ठसा असल्याने त्याला मागणी मोठी आहे. खरा जपून घ्यायचा तो १९३९ चा दुर्मीळ रुपया. १९३८ च्या नाण्यातील आठ कोरून नऊ केल्यास वजन आणि चांदी दोन्ही बरोबर येतात, म्हणून पाण्याची कसोटी येथे निरुपयोगी ठरते. शेवटच्या आकड्याभोवती खरवडल्याच्या खुणा आहेत का, एवढेच भिंगातून पाहावे.

राम-सीता किंवा हनुमानाचे चित्र आणि १८१८ हे वर्ष असलेली कंपनीची नाणी लाखो रुपयांची म्हणून दाखवली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती कंपनीने कधीच पाडलेली नाहीत. ती नंतर केलेली टोकन आहेत, आणि त्यांपायी कोणी साठवलेला पैसा गमावू नये.

नाणी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत, कारण त्यांवर हिरवट थर चढतो; कागदी पाकीट बरे. पाकिटावर वर्ष, टांकसाळ, वजन, ठशाचा प्रकार आणि नाणे कोणाकडून आले हे लिहावे. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवण्यास कायद्याने मनाई आहे, हेही ध्यानात असावे.

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मोड म्हणून दिलेल्या रुपयाला चांदीचाच भाव येतो, तेव्हा देण्यापूर्वी वरील सारी तपासणी उरकावी. आजीच्या माळेतील रुपयांना कडीचा टाका असतो आणि संग्राहक अशा नाण्याची किंमत कमी धरतात. तरीही कडी काढू नये, कारण टाक्याची खूण काही जात नाही आणि माळ मात्र तुटते.